फेलोशिपला अप्लाय करताय? हॉस्पिटलची वेबसाइट कशी वाचायची ते आधी बघून घ्या

पीजीच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो. मी डॉक्टर नाही, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या ॲकॅडेमिक ऑफिसात बसते, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून येते, आणि फेलोशिपचे (पीजीनंतर एखाद्या विषयात घ्यायच्या खास ट्रेनिंगचे) अर्ज, केलेल्या केसेसची लॉगबुकं, मान्यतेसाठीच्या इन्स्पेक्शनच्या फायली असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. फोनवर नांदेड, धुळे, मिरज, कुठून कुठून डॉक्टर बोलत असतात आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात तीच, "मॅडम, वेबसाइट बघितली पण काही कळलं नाही." कळणार कसं, तिथे लिहिलेलंच नसतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय, ज्यांना पहिल्यांदाच फेलोशिपला अप्लाय करायचंय आणि ठाणे-नवी मुंबईत ओळखीचं कोणी नाहीये त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हॉस्पिटलची वेबसाइट पेशंटसाठी असते, आणि ती मार्केटिंगवाल्यांच्या ताब्यात असते, आमच्या नाही. फेलोशिपचं पान कोर्स सुरू झाला त्या वर्षी कोणीतरी उत्साहात लिहिलेलं असतं, नंतर तिकडे ढुंकूनही कोणी बघत नाही, मग इन्स्पेक्शन जवळ आलं की धावपळ, फॅकल्टीची नावं बदला म्हणून वेबसाइटच्या व्हेंडरला मेल जातो आणि तो करेपर्यंत इन्स्पेक्शन होऊनही गेलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी "संपर्क करा" वाला फॉर्म भरलात तर तो थेट कॉल सेंटरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला गोड आवाजात फोन येतो की सर, कुठल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट हवीये. तेव्हा पानावर एखादी गोष्ट नाही म्हणजे लगेच लबाडी असं समजू नका, निम्म्या वेळा नुसता आळस असतो. पण काही गोष्टी मुद्दाम गाळलेल्या असतात. आळस कुठला आणि लपवालपवी कुठली हे ओळखता आलं की तुमचं अर्धं काम झालं, पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: सर्टिफिकेटवर सही कोणाची?

हॉस्पिटलची वेबसाइट उघडायच्या आधी हे शोधा. "फेलोशिप" हा एकच शब्द चार वेगवेगळ्या प्रकारांना लावतात आणि पानावर ते सगळे एकाच खिचडीत असतात.

एक म्हणजे नॅशनल बोर्डाची, म्हणजे देशपातळीवर डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाची, एफएनबी (फेलोशिप ऑफ नॅशनल बोर्ड), बहुतेक 2 वर्षांची, तिला फेलोशिप एंट्रन्स टेस्ट द्यावी लागते आणि सीट ऑनलाइन काउन्सेलिंगमधून मिळते. आर्थ्रोप्लास्टी, स्पाइन, मिनिमल ॲक्सेस, रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन, व्हिट्रिओ-रेटिनल असे बरेच विषय आहेत. कुठलं हॉस्पिटल, कुठला विषय, किती सीट आणि मान्यता कधीपर्यंत, हे सगळं बोर्डाच्या स्वतःच्या वेबसाइटवर शोधता येतं. हॉस्पिटलच्या पानावर "एफएनबी" मोठ्या अक्षरात असेल आणि बोर्डाच्या यादीत मान्यतेची मुदत संपलेली दिसत असेल तर खरी यादी बोर्डाची. कदाचित नूतनीकरण चालू असेल, कदाचित नसेल, ते विचारायचं. आणि तुमची पीजीची डिग्री त्या विषयाला चालते का, हेही परीक्षेच्या माहितीपत्रकातच बघा, हॉस्पिटलच्या पानावरची पात्रता दोन-तीन वर्षं जुनी असू शकते.

दुसरी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे आपल्या नाशिकच्या विद्यापीठाची, बहुतेक कोर्स वर्षभराचे. इथेही तेच, विद्यापीठाने मान्यता दिलेल्या केंद्रांची यादी विद्यापीठाकडे बघा. तिसरी सोसायट्यांची, जसं क्रिटिकल केअरवाल्यांची किंवा नवजात बाळांच्या डॉक्टरांची संघटना स्वतःचे कोर्स चालवते आणि कुठल्या युनिटला मान्यता द्यायची ते ठरवते. चौथी हॉस्पिटलची स्वतःची, सर्टिफिकेटवर हॉस्पिटलचा लोगो आणि डिपार्टमेंटच्या सरांची सही, बस. चौथी वाईट असते असं अजिबात नाही, ऑर्थोत आणि डोळ्यांत तर खूपजण सरांचं नाव बघूनच जातात आणि हात छान बसवून येतात. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं. पुढे मेडिकल कॉलेजात जागा बघायची असेल, बाहेरच्या देशात कागद दाखवायचे असतील, तर कुठली मान्यता लागेल ते आत्ताच तपासा.

इथे एक जुनी गंमत सांगते. पानाच्या तळाला लोगोंची रांग असते, एनएबीएच, जेसीआय वगैरे, आणि नवीन मुलांना वाटतं व्वा, सगळी मान्यता आहे. अहो, ते पेशंटच्या देखभालीच्या दर्जाचं आहे, ट्रेनिंगशी त्याचा संबंध नाही. तसंच हॉस्पिटलच्या एमडीच्या सीटना नॅशनल मेडिकल कमिशनची मान्यता असली म्हणून त्यांच्या घरगुती फेलोशिपला ती लागू होत नाही. "मान्यताप्राप्त" लिहिलेलं दिसलं की लगेच विचारा, कोणाकडून, कशाला आणि कधीपर्यंत.

दुसरी पायरी: पान किती जुनं आहे?

तारीख बहुतेक नसतेच, आणि तळाशी जे चालू वर्ष दिसतं ते आपोआप बदलतं, त्याच्यावर जाऊ नका. दुसऱ्या खुणा शोधा. पानावर अजून "एमसीआय (मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यताप्राप्त" असेल तर ते 2020 च्या आधीचं आहे, कारण 25 सप्टेंबर 2020 पासून त्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आलंय. सुपरस्पेशालिटीच्या कोर्सला नुसतं डीएनबी (नॅशनल बोर्डाची डिग्री) म्हटलं असेल तर तेही जुनंच, आता ते डीआरएनबी झालंय. "अर्ज मागवण्यात येत आहेत" च्या शेजारी लाल अक्षरात लुकलुकणारं "न्यू" असतं ना, ते बिचारं कित्येक ठिकाणी कोविडच्या आधीपासून लुकलुकतंय. पीडीएफ असेल तर ती डाउनलोड करून प्रॉपर्टीज बघा, कधी बनवली ते दिसतं. आणि वेबॅक मशीन नावाची फुकट साइट आहे, तिथे पानाचा पत्ता टाकला की जुनी रूपं दिसतात, सगळ्या पानांची नसतात पण असली तर मजा येते, कारण मागच्या तीन-चार वर्षांत कुठली वाक्यं गायब झाली ते समजतं. स्टायपेंडचा आकडा आधी होता आणि नंतर काढून टाकला, असं दिसलं तर मी तरी त्याला आळस म्हणणार नाही.

फॅकल्टीची यादी वेगळी तपासा. ज्या सरांकडे शिकायला म्हणून तुम्ही येणार ते अजून तिथे आहेत का? ठाणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ह्या पट्ट्यात कन्सल्टंट लोकांचं हॉस्पिटल बदलणं चालूच असतं, एकजण गेला की त्याच्यासोबत निम्मी ओपीडी जाते. सरांचं नाव टाकून बघा, दुसऱ्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर तेच हसरे फोटो दिसतात का. ओपीडीचं वेळापत्रक जास्त खरं असतं, कारण त्याच्यावर अपॉइंटमेंट चालतात. फेलोशिपच्या पानावर सर आहेत पण अपॉइंटमेंट घ्यायला गेलं तर नाव येत नाही, तर काय ते समजून जा. पबमेड ह्या मेडिकल पेपर शोधायच्या साइटवरही बघा, ताज्या पेपरवर त्यांनी कुठल्या हॉस्पिटलचं नाव लिहिलंय.

आणि हो, जागा. ज्या हॉस्पिटलांच्या चार-पाच शाखा आहेत त्यांची वेबसाइट एकच असते, फोटो एका शाखेचा, रोबोट दुसऱ्या शाखेतला आणि पोस्टिंग तिसरीकडे. टाटा मेमोरियलचंच घ्या, परळ आहे, आपल्याकडे खारघरला त्यांचंच ॲक्ट्रेक आहे, शिवाय वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम वगैरे केंद्रं आहेत, तर जाहिरातीत कुठल्या केंद्राची जागा आहे ती ओळ बोट ठेवून वाचायची. सरकारी संस्थांच्या जाहिरातींचं एक बरं असतं, रूक्ष असतात पण जागा, पात्रता, मानधन, मुदत बहुतेक सगळं एका पीडीएफमध्ये असतं. खाजगीवाल्यांनी तेवढं तरी शिकावं.

तिसरी पायरी: आकडे

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "10,000 हून अधिक सर्जरी" असं लिहिलेलं असतं. कोणी केल्या? कधीपासून? बऱ्याचदा तो आकडा हॉस्पिटल उघडल्यापासूनचा असतो, कधी एका सरांच्या अख्ख्या करिअरचा असतो आणि त्यातल्या निम्म्या त्यांनी आधीच्या हॉस्पिटलात केलेल्या असतात.

तुम्हाला पाहिजे तो आकडा वेगळाच आहे. समजा युनिटमध्ये वर्षाला 600 जॉइंट रिप्लेसमेंट होतात. ऐकायला भारी. आता त्या युनिटला कन्सल्टंट किती, दोन फेलो आहेत का तीन, खाली डीएनबीची मुलं आहेत का, त्यांनाही लॉगबुक भरायचंय. टेबलावर हात घालायला जागा किती असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 600 पैकी तुम्ही स्क्रब व्हाल, म्हणजे टेबलाशी उभे राहाल, 200 ला, आणि त्यातल्या किती केसेस स्वतः, सर बाजूला उभे असताना, कराल? पानावर "एक्सलंट हँड्स-ऑन एक्स्पोजर" असतं आणि हे वाक्य मी इतक्या पानांवर वाचलंय की आता त्याचा मला काहीच अर्थ लागत नाही. चांगलं पान असेल तर सरळ लिहितं की मागच्या फेलोने वर्षात अमुक इतक्या केसेस पहिला सर्जन म्हणून, इतक्या असिस्ट म्हणून केल्या. असं पान दुर्मिळ आहे, दिसलं तर त्या हॉस्पिटलला शंभरातले वीस मार्क जास्त द्या. नसलं तर हा प्रश्न मेलमध्ये पहिला.

सर्जरीवाल्यांचं उदाहरण दिलं पण मेडिसिन, ॲनेस्थेशिया, पीडियाट्रिकवाल्यांनाही हेच. आयसीयूचे बेड 40 लिहिलेत, त्यातले तुमच्या युनिटचे किती? व्हेंटिलेटरवरचे पेशंट रोज सरासरी किती? एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तुम्ही करणार की कार्डिओलॉजीचा माणूस येऊन करून जाणार?

चौथी: पैसे, ड्युटी, घर

स्टायपेंड "ॲज पर नॉर्म्स". कुठले नॉर्म्स, कोणाचे, काही नाही. विचारा की महिन्याला हातात किती, स्टायपेंड म्हणून देणार का प्रोफेशनल फी म्हणून 10 टक्के टीडीएस कापून देणार, आणि कधी देणार, कारण तीन-तीन महिने उशिरा देणारी ठिकाणंही आहेत. उलट फी घेतात का? बोर्डाच्या सीटला फी बोर्डाने ठरवलेली असते, हॉस्पिटलने त्यावर वेगळं डिपॉझिट वगैरे मागितलं तर बोर्डाचे नियम उघडून बघा. हॉस्पिटलच्या स्वतःच्या फेलोशिपला असा कोणी रखवालदार नसतो, तिथे सगळं लेखी घ्या.

ड्युटीबद्दल पानावर शब्दही नसतो. फेलोला रात्रीची आरएमओची (निवासी डॉक्टरची) ड्युटी लावतात का, हे मी स्वतः उमेदवार असते तर सगळ्यात आधी विचारलं असतं. काही ठिकाणी फेलोशिप म्हणजे स्वस्तातला रजिस्ट्रार एवढाच हिशोब असतो. ओळखायचं कसं, तर त्याच हॉस्पिटलचं करिअरचं पान उघडा. त्याच डिपार्टमेंटला क्लिनिकल असोसिएट आणि रजिस्ट्रारच्या जागा वर्षभर रिकाम्या दिसत असतील तर ते काम सध्या कोण करतंय? ही युक्ती मला एका फेलोनेच शिकवली, पोरगं हुशार होतं.

बॉण्ड आहे का, मधेच सोडलं तर किती भरावे लागतात, ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घेतात का, हेही विचारा. बोर्डाच्या सीटवर जॉइन होऊन नंतर सोडलीत तर पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते, ते नियम माहितीपत्रकात असतात, वाचायला कंटाळा येतो पण वाचा. स्वतःचा आधीचा सरकारी कॉलेजचा बॉण्ड बाकी असेल तर त्याचं काय ते अर्ज करायच्या आधी मिटवा. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागेल, आधीच्या कौन्सिलकडून एनओसी काढण्यात वेळ जातो, आणि हे वेबसाइटवर कोणीही लिहीत नाही, जॉइनिंगच्या दिवशी सांगतात.

घराचं थोडक्यात. "अकोमोडेशन अव्हेलेबल" म्हणजे खोली असेलच असं नाही, कधी फक्त ऑन-कॉल रूमचा एक पलंग असतो. नेरूळ-खारघर-कामोठे बाजूला मेडिकल कॉलेजं असल्यामुळे डॉक्टर मुलं शेअरिंगमध्ये राहतात, रूम पार्टनर मिळतो. ठाण्यात हॉस्पिटल असेल तर स्टेशनपासून किती लांब ते मॅपवर संध्याकाळी सातला बघा, घोडबंदर रोड रविवारी सकाळी बघून ठरवू नका. भाड्याचं ॲग्रीमेंट बहुतेक 11 महिन्यांचं आणि तुमची फेलोशिप 12 ची, शेवटचा महिना कुठे राहायचं ह्याची मारामारी दरवर्षी कोणाची ना कोणाची होतेच, मालकाशी आधी बोलून ठेवा.

पाचवी: जुने फेलो शोधा

वेबसाइटवर माजी फेलोंची यादी असेल आणि ते आता कुठे आहेत हेही असेल, तर ते पान बनवणाऱ्याला नमस्कार. बहुतेक ठिकाणी एक ग्रुप फोटो असतो, सर मध्ये, बाकी कोण ते कळत नाही. लिंक्डइनवर हॉस्पिटलचं नाव आणि "फेलो" टाकून शोधा, पबमेडवर सरांच्या पेपरमधली पहिली-दुसरी नावं बघा, ती बऱ्याचदा फेलोंचीच असतात. दोघांशी तरी बोला, एक आत्ताचा आणि एक बाहेर पडलेला. आत्ताचा दबून बोलतो, साहजिक आहे. बाहेर पडलेल्याला एकच विचारा, तुझ्या सख्ख्या भावाला इथे पाठवशील का. आणि कोणी वर्षाच्या मधे सोडून गेलं का ते विचारा.

सहावी: मेल टाका

आता तुमच्याकडे वेबसाइटवर न सापडलेल्या गोष्टींची यादी तयार आहे. अमेरिकेत फेलोशिपच्या वेबसाइटी तपासून त्यावर पेपर लिहायची पद्धत आहे, कितीतरी स्पेशालिटींत असे पेपर निघालेत, मुद्द्यांची एक यादी घ्यायची आणि प्रत्येक साइटवर काय सापडतं त्याला टिकमार्क. तुम्ही तेच एक्सेलमध्ये करा, तुमची चार-पाच हॉस्पिटलं आडवी, मुद्दे उभे. रिकाम्या चौकटी म्हणजे तुमचा मेल.

मेल इंग्लिशमध्ये, छोटा, प्रश्नांना नंबर घालून. "कृपया सविस्तर माहिती पाठवावी" असा मेल आला की त्याला जुनं ब्रोशर चिकटवून पाठवतात, आम्हीही तेच करतो, खोटं कशाला बोलू. पण "मागच्या बॅचच्या फेलोने पहिला सर्जन म्हणून किती केसेस केल्या, महिन्याला नाइट ड्युट्या किती, टीडीएस कापून हातात किती" असे सहा प्रश्न आले की मला उठून डिपार्टमेंटला जावं लागतं आणि उत्तर आणावं लागतं. डिपार्टमेंटच्या कोऑर्डिनेटरला पाठवा, जनरल मेलवर नको. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करून "ॲकॅडेमिक ऑफिस द्या" म्हटलं तर मेल आयडी मिळतो.

आणि इथेच आळस आणि लपवालपवी वेगळी होते. आळशी ऑफिस आठवडाभराने का होईना पण लिहून उत्तर देतं, एखादा आकडा अंदाजे देतं. लपवणारं ऑफिस म्हणतं, "डॉक्टर, तुम्ही या ना, समोरासमोर बोलू", किंवा फोन करून सगळं गोड सांगतं आणि तेच मेलवर टाका म्हटलं की गप्प. दोनदा असं झालं की मी तरी ते नाव यादीतून काढून टाकीन. यायला काही हरकत नाही, उलट याच, पण उत्तर हातात आल्यावर या, आणि ओटी किंवा ओपीडी चालू असेल त्या दिवशी या, शनिवारी दुपारी सगळीच हॉस्पिटलं शांत आणि छान वाटतात.

परदेशाचं बघताय त्यांच्यासाठी जाता जाता. तिकडच्या वेबसाइटी दिसायला चकचकीत असतात, तरी नियम तोच, मान्यता देणाऱ्याकडे आधी. अमेरिकेत एसीजीएमईची (तिकडे ट्रेनिंगला मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का ते त्यांच्याच यादीत बघा, नसलेल्या फेलोशिपही असतात, आणि परदेशी पदवीवाल्यांना घेतात का, कुठला व्हिसा देतात, ही ओळ पानावर नसेल तर अर्जाचे पैसे भरायच्या आधी मेल करा. ब्रिटनमध्ये एमटीआयने (परदेशी डॉक्टरांच्या ट्रेनिंगच्या योजनेतून) गेलात तर जास्तीत जास्त 2 वर्षं, मग परत यावं लागतं, आणि जीएमसीला, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशनच्या कौन्सिलला, इंग्लिशच्या परीक्षेचे मार्क दाखवावे लागतात, आयइएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये एकूण 7.5 आणि प्रत्येक भागात किमान 7 लागतात किंवा ओइटीत चारही भागांत बी. हॉस्पिटलच्या जाहिरातीत वेगळं लिहिलेलं दिसलं तर जीएमसीचं धरा.

शेवटचं काम, अर्ज भरायच्या दिवशी फेलोशिपच्या पानाची पीडीएफ करून ठेवा, पत्ता आणि तारीख दिसेल अशी, मेलची उत्तरंही त्याच फोल्डरला. ऑफर लेटर आलं की दोन्ही शेजारी उघडा आणि ओळ न ओळ लावून बघा, मुदत, जागा, पैसे, ड्युटी, बॉण्ड. फरक दिसला तर सही करायच्या आधी मेलवर विचारा आणि कॉपी डिपार्टमेंटच्या हेडना टाका, नुसती एचआरला नको, कारण एचआरला बऱ्याचदा तुमची फेलोशिप आहे का नोकरी तेच माहीत नसतं.